रडारवाल्याचा मीटर

मी मीटर बोलतोय. भिंतीवर बसून घरातली वीज मोजतो तो नव्हे. तो माझा लांबचा भाऊबंद. मी मल्टिमीटर. तळहाताहून थोडा मोठा, अंगानं काळा, पुढे काच आणि काचेआड एक बारीक काटा. पोटातून दोन वायरी निघतात, एक लाल, एक काळी. त्यांची टोकं तारेला टेकवली की तारेत वीज आहे का, किती आहे, तार धड आहे की मधेच तुटलीय, हे मी काटा हलवून सांगतो. जन्मभर एवढंच केलं. पण ज्याच्या हातात राहिलो तो माणूस सांगण्यासारखा निघाला.

दिल्लीकडच्या एका लहान कारखान्यात मी घडलो. एका बाईनं श्वास रोखून माझा काटा बसवला आणि त्याच्याखाली आरशाची अरुंद पट्टी चिकटवली. काटा आणि आरशातलं त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं, म्हणजे वाचणारा अगदी समोरून बघतोय असं समजायचं. तिरकं बघणारा चुकीचा आकडा वाचतो. माणसांची ही खोड कारखान्याला ठाऊक असावी.

तिथून मी एका छावणीच्या बाजारात, दुकानाच्या काचेच्या कपाटात आलो. एका रविवारी हवाई दलाच्या निळ्या कपड्यातला एक काटक तरुण दुकानात शिरला. रेडिओ, टेपरेकॉर्डर सोडून त्यानं थेट मलाच मागितलं. काटा डावीकडे शून्यावर आहे का ते पाहिलं, वायरींची टोकं एकमेकांना लावून काटा उजवीकडे पळतो का ते पाहिलं, आणि मला उचललं. हा ईश्वर. नरडाण्याजवळच्या एका खेड्यातला. वडील निंबा आबा अमळनेरच्या तेलाच्या गिरणीत फिटर होते. यंत्राच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखायचं, हे त्या घरात पिढीजात होतं.

ईश्वर रडारवर होता. रडार म्हणजे आकाशावर पाळत ठेवणारं यंत्र. ते हवेत लहरी सोडतं. लांबच्या विमानावर आपटून त्या परत आल्या की विमान कुठं आणि किती दूर ते कळतं. या लहरी ज्या भागात जन्मतात तो ईश्वरच्या ताब्यात असे. तिथं हजारो व्होल्टची वीज खेळते. खरं सांगायचं तर तिथली अधिकृत मोजमापं सरकारी मीटर करत. ते शिक्क्याचे, मी खासगी. पण ईश्वरला कामानंतर मनात घोळलेलं पुन्हा करून बघायची सवय होती. खोलीत जुनी सुटी सर्किटं मांडून तो माझ्याबरोबर अभ्यास करी. त्याच्या वरच्या साहेबांचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझ्याही अंगात मुरलं: "आधी वीज तोड. मग अर्थिंग देऊन उरलेली वीज जमिनीत सोड. मग मीटरनं बघ. मगच हात लाव."

वाळवंटात राहिलो, समुद्राकाठी राहिलो, ईशान्येच्या ढगाळ डोंगरावर राहिलो. वाळूच्या वादळात यंत्र बंद पडलं की ईश्वर तोंडाला फडकं बांधून आत शिरे आणि रडार फिरायला लागल्याशिवाय बाहेर येत नसे. त्याचा सार्जंट झाला. धुळ्याच्या हेमलताशी लग्न झालं. ती शिंदखेड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची.

सुट्टीत गावी आला की निंबा आबा विचारत, "तू तथा काय करस रे भाऊ?"

"ड्युटी, आबा."

"ते व्हयनं. पन काय करस?"

"ते सांगानं नही, आबा."

आबा मान डोलवत आणि पारावर जाऊन सांगत, "मना पोऱ्या फौजमा शे." हेमलतानंही फार विचारलं नाही. जे बोलायचं नाही ते न बोलण्याची ईश्वरला इतकी सवय झाली की आपल्या कामाबद्दल काही बोलता येतं, हेच तो विसरून गेला.

चाळिशीच्या उंबरठ्यावर तो निवृत्त झाला. नरडाणा स्टेशनवर हार पडले, उघड्या जीपमधून गावात मिरवणूक निघाली. मी ट्रंकेत होतो. ताशांचा आवाज तेवढा पत्र्यातून आला. घरी हेमलतानं औक्षण केलं. आता कुठं नवं आयुष्य सुरू होणार, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

नोकरी शोधायला तो निघाला तेव्हा मला पिशवीत घेऊन गेला. का, कोण जाणे. माझ्यानं धीर येत असावा. जळगावात एका कंपनीच्या कार्यालयात टाय लावलेल्या माणसानं विचारलं, "अनुभव काय?"

"इक्विपमेंट मेंटेनन्स, सर."

"कुठलं इक्विपमेंट?"

ईश्वरनं पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाला, "सांगता येणार नाही, सर."

त्या माणसाच्या आवाजात चेष्टा नव्हती, पण हातात द्यायला कामही नव्हतं. "तुम्ही माजी सैनिक आहात. सिक्युरिटीला प्रयत्न करा. तिथं तुम्हाला मान आहे."

दुसऱ्या ठिकाणी हेच, तिसऱ्या ठिकाणीही हेच. फौजेतून आला म्हणजे बंदूक धरता येत असणार, असा सगळ्यांचा हिशोब. ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं बंदुकीपेक्षा सोल्डरिंगची कांडीच जास्त धरली, त्याला लोक बँकेच्या दारावरचा स्टूल दाखवत होते. शेवटी नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर तो सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून लागला. त्या कामात कमीपणा काही नाही. इमानेइतबारे करणाऱ्याचंच ते काम, आणि त्यानं ते तसंच केलं. पण संध्याकाळी घरी आल्यावर तो कारखान्यातल्या यंत्रांबद्दल एक शब्द बोलत नसे. आत यंत्रं चालू, हा बाहेर. ते त्याला सोसत नव्हतं.

मी परत ट्रंकेत गेलो. वर गणवेशाची घडी, त्यावर गोधडी. माझ्या पोटातला सेल पाझरला आणि पितळेची पट्टी हिरवी पडली. मीटरला कुणी वापरलं नाही तर तो मोडत नाही. हळूहळू आतून गंजतो. माणसांचंही तसंच होत असावं. ईश्वरचा चेहरा त्या दिवसांत मी पाहिला नाही, पण त्याचा आवाज बसका झालेला ट्रंकेतूनही कळत होता.

मग कुंदाबाईंचं दुखणं निघालं. कुंदाबाई म्हणजे ईश्वरची आत्या, निंबा आबांची बहीण. त्यांना कॅन्सर झाला होता, आणि जळगावला मेहरूण तलावाच्या बाजूला असलेल्या रुग्णालयात किरणांचे उपचार घ्यायचे होते. रोज एक बैठक, अशी कित्येक आठवडे. ईश्वर त्यांना घेऊन जाऊ लागला. एकदा गेले तर किरणांचं यंत्रच बंद. बाकांवर माणसं ताटकळलेली.

"भाऊ, मंग आते कव्हय येवानं?" कुंदाबाईंनी विचारलं. ईश्वर चौकशीला उठला. एवढ्यात आतल्या दाराशी एक तरुणी फोनवर बोलताना त्याच्या कानावर पडली. "मॉड्युलेटर ट्रिप होतोय... हो, मॅग्नेट्रॉन नवाच आहे... उद्या म्हणजे कधी? पेशंट बसलेत हो इथं."

हे सारं त्यानं नंतर हेमलताला सांगितलं तेव्हा मी ऐकलं. तो म्हणाला, "परमुलखात अचानक कुणीतरी अहिराणी बोलावं, तसं झालं मला." ते शब्द त्याच्या रडारचे होते. मॅग्नेट्रॉन म्हणजे लहरी जन्माला घालणारी नळी, मॉड्युलेटर म्हणजे तिला विजेचे झटके देणारा भाग.

ती तरुणी म्हणजे ऋतिका, रुग्णालयातली फिजिसिस्ट. रुग्णाला किती किरण द्यायचे याचा हिशोब बघणारी. ईश्वरनं धीर करून तिला विचारलं, "मॅडम, या यंत्रात मॅग्नेट्रॉन कशाला?"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला मॅग्नेट्रॉन माहीत आहे?"

मग तिनं त्याला समजावलं. याच लहरींच्या जोरावर यंत्र इलेक्ट्रॉन पळवतं, आणि त्यांच्यापासून कॅन्सरची गाठ जाळणारे किरण बनवतं. रडारची विद्या दुसऱ्या महायुद्धानंतर दवाखान्यात आली, ती अशी. "देखभाल करणारी कंपनी खानदेशातच राहणारा माणूस शोधतेय," ती म्हणाली. "इंजिनिअर लांबून येतो, तोवर आमचे लोक असे बसून राहतात. तुम्ही अर्ज करा ना."

ईश्वर घरी आला आणि अर्ज समोर ठेवून नुसता बसला. हेमलता जवळ आली.

"काय लिहू? बोलायचं नाही असं सगळं माझं आयुष्य," तो म्हणाला.

"अहो, गुपित कोण मागतंय? कुठलं रडार, कुठल्या गावी, ते राहू द्या. तुमच्या हातांनी काय केलं तेवढं सांगा. मला सांगा. आठवीच्या वर्गाला सांगता असं समजा."

तो अडखळत सुरू झाला. हेमलता मधे मधे थांबवायची. "हे नाही कळलं. पुन्हा सांगा." झटके कसे देतात, नळी गरम झाली की पाणी कसं फिरवतात, लहरी तांब्याच्या चौकोनी नळीतून कशा नेतात, बिघाड शोधताना कुठून सुरुवात करायची. सांगता सांगता तो ताठ बसला. मधेच उठून त्यानं ट्रंक उघडली, मला बाहेर काढलं, "हे बघ, असं," म्हणाला, आणि काटा हलेना. त्यानं माझी हिरवी पडलेली पट्टी कानसेनं घासली आणि नवा सेल घातला. काटा उजवीकडे पळाला. हेमलता म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही पडद्यासमोर बसून विमानं मोजता."

त्या दिवशी दोघं किती हसली.

पुण्याच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी सरळच विचारलं, "वैद्यकीय यंत्राचा तुमचा अनुभव शून्य आहे. मग आम्ही तुम्हाला का घ्यावं?"

"बरोबर आहे, मॅडम. रुग्णांच्या बाजूचं मला सगळं शिकायचंय. पण हाय व्होल्टेज, मॅग्नेट्रॉन आणि बंद पडलेलं यंत्र, यांच्याबरोबर मी फार वर्षं काढलीत." आणि मग त्यानं आठवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. बाईंनी त्याला प्रशिक्षणाला घेतलं.

तिथं त्याची खरी परीक्षा झाली. नुकती पदवी घेतलेल्या पोरापोरींच्या शेजारी हा करड्या केसांचा सार्जंट. यंत्राचा भाग त्याला सोपा गेला. शरीरावर किरणांचा परिणाम आणि संगणकाची प्रणाली यात तो पहिल्या चाचणीत नापास झाला. घरी फोन करून म्हणाला, "बहुतेक परत येतो."

हेमलता म्हणाली, "माझ्या वर्गात नापास झालेला पोरगा परत बसतो. घरी जात नाही."

तो परत बसला. ऋतिका फोनवरून त्याच्या शंका सोडवायची. एकदा ती म्हणाली ते त्यानं मनात कोरून घेतलं: "ईश्वरभाऊ, तुमच्या रडारला जितकं लांब दिसेल तितकं चांगलं. इथं उलटं. किरण गाठीवरच एकवटले पाहिजेत, आणि ठरले तेवढेच पडले पाहिजेत. जास्त ताकद म्हणजे शाबासकी नाही." दुसऱ्या खेपेला तो पास झाला, यंत्र उघडण्याची रीतसर परवानगी मिळाली, आणि मेहरूणच्या त्याच रुग्णालयाचं काम त्याच्याकडे आलं. कुंदाबाईंचे उपचार तोवर पूर्ण होऊन त्या शेवया वळायला लागल्या होत्या. त्यांनी त्याच्या हातावर साखर ठेवली.

आता तो दिवस सांगतो, ज्याच्यासाठी मी एवढं बोललो.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळीच यंत्र बंद पडलं. पडद्यावर एकच तक्रार: थंड पाण्याचा प्रवाह नाही. हे यंत्र सुरक्षेच्या साखळीनं बांधलेलं असतं. दार नीट लागलंय का, पाणी फिरतंय का, सगळ्या कड्या जुळल्या तरच किरण सुटतात. पाणी तर व्यवस्थित फिरत होतं. मग तक्रार कशाची? ती येई, जाई, पुन्हा येई.

बाहेर बाकावर रुख्माबाई बसल्या होत्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावच्या, तोंडाच्या कॅन्सरच्या. उपचारांचा शेवटचा टप्पा आला होता, आणि मधे खंड पडता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बरोबर मुलगा मानसिंग, मजुरी सोडून आलेला. तो ईश्वरपाशी आला.

"साहेब, खरं सांगा. आज होणार का? नाही तर आम्ही दुपारची एसटी धरतो. एकदा गेलो की परत आईला आणणं जमायचं नाही."

ईश्वर म्हणाला, "बिघाड अजून सापडलेला नाही. होईल असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण एसटीची वेळ व्हायच्या आत मी स्वतः येऊन सांगतो. हो असो की नाही."

मानसिंगनं आईकडे पाहिलं. रुख्माबाई पदर सावरत म्हणाल्या, "हाऊ खोटं बोलत नही. बस."

आत रुग्णालयाचे व्यवस्थापक वाट बघत होते. भला माणूस, गर्दी बघून कासावीस झालेला. "ईश्वरभाऊ, पाणी फिरतंय हे डोळ्यांनी दिसतंय. ती तक्रारीची तार बाजूला काढा आणि थेट जोडून द्या. आजचा दिवस निभावू."

"आज पाणी फिरतंय, साहेब. पण तार काढली आणि पाणी खरंच थांबलं, तर यंत्राला सांगणार कोण? मी तसं करणार नाही."

"लोक परत जातील."

"जातील. तरी नाही."

ऋतिका म्हणाली, "तसं चालवलं तर मी एकाही पेशंटला आत घेणार नाही. आपण बिघाड शोधू."

ईश्वरनं वीज तोडली, अर्थिंगची कांडी लावली, मीटरनं खात्री केली, आणि यंत्राची पाठ उघडली. कंपनीनं दिलेला नवा आकड्यांचा मीटर आधी आला. हुशार गडी आहे, मी त्याचा मान ठेवतो. त्यानं पाण्याच्या स्विचची तार मोजली: ठीक. पुढचा जोड: ठीक. फोनवर पुण्याचा इंजिनिअर होता, तोही म्हणाला, "सगळं बरोबर दिसतंय."

"बंद असताना बरोबर दिसतंय," ईश्वर म्हणाला. "तक्रार पंप चालू असताना येते."

हाय व्होल्टेजचा भाग तोडलेलाच ठेवून त्यानं फक्त पंप आणि त्या साखळीची कमी दाबाची वीज सुरू केली. आणि पिशवीत हात घालून मला काढलं. आकड्यांच्या मीटरला क्षणभराची थरथर पकडायला वेळ लागतो. माझा काटा हलका आहे, धक्का बसला की दचकतो. लाल टोक जोडावर, काळं अर्थिंगला. पंप घुमू लागला. काटा आपल्या जागी उभा राहिला. ऋतिका खांद्यावरून वाकून समोरून बघत होती.

मी दचकलो.

"हलला," ती म्हणाली.

ईश्वरनं पुढचा जोड धरला. पुन्हा दचकलो. तार बोटानं किंचित दाबली, आणि मी एकदम शून्यावर कोसळलो. स्विच चांगला, पाणी चांगलं. एका जोडाची पितळी टोपी सैल झाली होती, आणि पंपाच्या थरथरीनं क्षणभर सुटत होती. ईश्वरनं नवा जोड बसवला, पंप पुन्हा चालवला. माझा काटा भिंतीवर ठोकल्यासारखा स्थिर राहिला.

"आता माझं काम," ऋतिका म्हणाली. तिनं यंत्र रिकाम्या खोलीत चालवून किरण बरोबर तेवढेच पडतात का ते मोजलं, एकदा, आणि खात्रीसाठी पुन्हा. तोवर ईश्वर दाराशी उभा राहिला. तिनं होकाराची मान डोलावली तेव्हा तो बाहेर गेला. सगळे बाकावरून त्याच्याकडेच बघत होते.

"मानसिंग," तो म्हणाला, "हो. आईला आत घेऊन या."

त्या दिवशी थांबलेल्या एकाही माणसाला उपचारावाचून परत जावं लागलं नाही. व्यवस्थापकांनी सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा दिला, आणि ईश्वरला देताना म्हणाले, "बरं झालं, माझं ऐकलं नाहीत." रुख्माबाईंचे उपचार ठरल्या वेळी पुरे झाले. जाताना त्यांनी ईश्वरच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. आई मुलावरून मोडते तशी.

गेल्या वर्षी धुळ्यालाही असं यंत्र आलं. ते उभं करण्याची जबाबदारी ईश्वरभाऊंवर होती. हाताखाली दोन माणसं, एक नौदलातून निवृत्त झालेला मगन, दुसरी नुकती पदविका घेतलेली डिंपल. उद्घाटनाला निंबा आबा नवं धोतर नेसून, काठी टेकत आले होते. गर्दीत कुणीतरी विचारलं, "आबा, हाऊ कोन शे?"

आबांनी छाती भरून श्वास घेतला. "मना पोऱ्या," ते म्हणाले. "आजारी लोकेस्नं मशीन चालू ठेवस." आणि मॅग्नेट्रॉन म्हणजे काय, तेही त्यांनी त्या माणसाला जागच्या जागी समजावलं. पाठ केलं असावं. कुठं चुकलेलं मला तरी दिसलं नाही.

आता माझं वय झालं. रेझिस्टन्स मोजायची माझी एक पट्टी गेली आहे, काच एका कोपऱ्यात तडकली आहे. ईश्वरभाऊंच्या मेहरूणच्या कार्यशाळेत मी टेबलावर असतो. शनिवारी फौजेतून आलेली माणसं तिथं शिकायला येतात. कुणी रणगाड्याच्या वायरिंगवर काम केलेला, कुणी जहाजाच्या जनित्रावर. पहिल्या दिवशी बहुतेक जण खाली मान घालून म्हणतात, "आम्ही साधी ड्युटी केली, सर." ईश्वरभाऊ मला त्यांच्या पुढ्यात सरकवतात आणि म्हणतात, "उघडा याला. काय दिसतं ते सांगा." ते मला उघडतात, आणि बोलायला लागतात.

वाचकहो, तुमच्या गल्लीतही असा कुणी परत आला असेल. हार घालाल तेव्हा घाला, पण नंतर एकदा त्याच्याजवळ बसून विचारा, तिथं तुझ्या हातांनी काय केलंस. पहिल्यांदा तो "काही नाही" म्हणेल. लगेच उठू नका. चांगल्या काट्यालाही जागेवर यायला जरा वेळ लागतो.

पुरे झालं माझं. जिन्यात पावलं वाजतायत, आजची नवी तुकडी आली वाटतं. कुणाच्या तरी खिशात स्क्रूड्रायव्हर खुळखुळतोय. हा शिकणार.